परक्या घरची सहामाही

‘मुलगी परदेशी शिकायला गेली’ असे कोणी सांगितले की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कशात? उत्तरही बहुधा ठरलेलेच असते. कॉम्प्युटर, व्यवस्थापन, औषधनिर्माण, नाहीतर एखादे इंजिनिअरिंग. यातले काही निघाले की विचारणारा समाधानाने मान डोलावतो आणि पगाराच्या आकड्याकडे वळतो. पण उत्तर ‘मानवशास्त्र, संस्कृती आणि स्पॅनिश भाषा’ असे आले, तर बैठकीत क्षणभर शांतता पसरते. मग एखादे काका सावरून घेतात : ‘‘मानवशास्त्र म्हणजे ती मुले यूपीएससीला घेतात, तोच विषय ना?’’ आणि पाठोपाठ दुसरे कोणी विचारते, ‘‘अहो, पण स्पॅनिश कशाला? तिकडे इंग्रजी चालत नाही की काय?’’

माझ्या भाचीच्या निमित्ताने हे सगळे प्रश्न आमच्या कारध्याच्या ओसरीवरही निघाले. भाची अमेरिकेत जन्मलेली आणि तिथल्याच एका कॉलेजात शिकणारी. तिसऱ्या वर्षाचे एक सत्र, म्हणजे साधारण चार महिने, तिने मेक्सिकोतल्या वाहाका शहरात काढले. तिकडे ही पद्धत चांगली रुळलेली आहे. पदवीच्या अभ्यासाचाच एक तुकडा परक्या देशात करायचा आणि त्याचे गुण आपल्या पदवीत धरले जायचे. सकाळी स्पॅनिशचा वर्ग, दुपारी मानवशास्त्राचा आणि उरलेला दिवस एका स्थानिक कुटुंबात. त्या कुटुंबाला राहण्याजेवणाचे पैसे मिळतात. मात्र घरात इंग्रजी बोलायचे नाही, पानात पडेल ते खायचे आणि रात्री निजण्यापूर्वी दिवसभरात पाहिले-ऐकले ते वहीत उतरवायचे, असा दंडक.

वरवर पाहता ही हौसेची सहल वाटते, आणि काही मुलांच्या बाबतीत ती तेवढीच असतेही. पण भाचीची ती वही मी चाळली तेव्हा माझ्या मनात आले की, या चार महिन्यांत ती जे शिकली ते आपल्या शिक्षणातून साफ गळून पडले आहे. ते म्हणजे परक्याच्या घरी पाहुणा होऊन, त्याच्या शब्दांत त्याचे म्हणणे ऐकून घेणे.

तू, तुम्ही आणि तीओ

स्पॅनिश ही आज जवळजवळ ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे आणि वीसेक देशांचा कारभार तिच्यात चालतो. मराठी माणसाला ती इंग्रजीपेक्षा काही बाबतींत जवळची वाटावी अशी आहे. इंग्रजीत थोरामोठ्यांपासून कुत्र्यामांजरांपर्यंत सगळ्यांना एकच सर्वनाम. स्पॅनिशमध्ये मात्र आपल्यासारखेच ‘तू’ वेगळे आणि आदराचे ‘ऊस्तेद’ वेगळे. ‘तू’ला तर तिकडेही ‘तू’च म्हणतात! टेबल, दार, हात यांना आपल्यासारखेच लिंग असते. शिवाय स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण, आणि पोर्तुगीजांनी आपल्या मराठीत जे शब्द ठेवले त्यांचे चुलतभाऊ तिच्यात भेटतात. साबणाला तिकडे ‘खाबोन’ म्हणतात, पावाला ‘पान’, आणि पैसे चुकते करणे म्हणजे चक्क ‘पागार’.

शब्दांइतकेच नाते जेवणाचे. मिरची, टोमॅटो, मका, पेरू, सीताफळ हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. भिवापूरच्या मिरचीला आपण विदर्भाची लेक म्हणतो, पण तिचे माहेर मेक्सिकोकडचे. भाचीने वहीत चार पाने केवळ मक्याच्या भाकरीवर लिहिली आहेत. तिथल्या बाया मका नुसता दळत नाहीत. चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर भिजत ठेवून, धुऊन मग वाटतात. पहिल्या आठवड्यात तिला ही नुसती जुनी खोड वाटली. पुढे वर्गात कळले की, चुन्यामुळे मक्यातले एक जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. युरोपने मका नेला, पण ही चुन्याची रीत नेली नाही. मग जिथे जिथे गरिबांना मक्यावरच पोट भरावे लागले, तिथे तिथे पेलाग्रा नावाचा रोग पसरला. कातडी सोलवटणारा, माणसाला वेडेपिसे करणारा तो रोग इटलीत आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात हजारोंना भोवला. पीक घेतले, पण पिकवणारणीचे शहाणपण घेतले नाही, त्याची ही किंमत. मानवशास्त्र कशाशी खातात असे विचारणाऱ्याला यापेक्षा सोपे उत्तर मला तरी देता येणार नाही.

गंमत झाली ती नात्यांच्या शब्दांची. स्पॅनिशमध्ये काका, मामा, मावशीचे यजमान, आत्याचे यजमान, सगळ्यांना एकच शब्द : तीओ. यजमानीणबाईंना भाचीने सांगितले की, आमच्यात आईच्या भावाला वेगळा शब्द आहे आणि तो नुसता शब्द नाही, त्याच्यामागे मान आहे, भाऊबीज आहे, लग्नातली जबाबदारी आहे. बाईंना हे इतके आवडले की, त्या पुढे फोनवर माझी चौकशी ‘मामा’ म्हणूनच करू लागल्या.

हे ऐकताना मला इरावती कर्वे यांची आठवण झाली. इरावतीबाई १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला मानवशास्त्र शिकायला गेल्या. तेही परक्या देशात, परक्या भाषेत शिकणेच होते, आणि काळ मोठा विचित्र होता. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर पुढे नाझींच्या वंशविचाराचे आधारस्तंभ ठरले. कवट्यांच्या मोजमापात गोऱ्या वंशाचे वेगळेपण दिसावे, अशी त्यांची अटकळ होती. बाईंनी कवट्या मोजल्या, तसा फरक आढळला नाही, आणि आढळला नाही असे त्यांनी लिहिले. मायदेशी परतल्यावर त्यांनी हाडांच्या मोजमापाबरोबर माणसांच्या बोलण्याकडेही कान दिला. भारतभरच्या भाषांतले नात्यांचे शब्द गोळा करून १९५३ साली त्यांचा भारतीय नातेसंबंधांवरचा मोठा ग्रंथ निघाला. उत्तर आणि दक्षिण यांच्या रीती महाराष्ट्रात कशा एकमेकींत मिसळल्या, हे त्यांनी आत्या-मामांच्या शब्दांवरून आणि लग्नाच्या चालींवरून दाखवले. ब्रह्मदेशातल्या इरावती नदीवरून ज्यांचे नाव ठेवले, त्या बाई आयुष्यभर पायांना माती लावून हिंडल्या.

वैनगंगेच्या काठी

मागच्या हिवाळ्यात भाची तीच सवय आणि नवी कोरी वही घेऊन आजीकडे, म्हणजे माझ्या आईकडे, कारध्याला आली.

कारधा महाराष्ट्राला ठाऊक आहे ते पावसाळ्यात. नागपूरहून रायपूरकडे जाणारा हमरस्ता भंडारा शहर ओलांडून वैनगंगेवर येतो आणि पूल उतरला की आमचे गाव लागते. नदीचे पाणी इथे मोजतात. ‘कारधा येथे वैनगंगेने धोक्याची पातळी ओलांडली’ हे वाक्य दर एकदोन वर्षांनी पेपरात येते, २०२०च्या ऑगस्टअखेरीच्या महापुरात तर ते रोज येत होते. समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरांच्या आत एक आकडा, एवढीच आमची ओळख. त्या आकड्याच्या काठावर राहणारी माणसे काय बोलतात, काय रांधतात, नदीला काय म्हणतात, हे मात्र बातमीत मावत नाही.

भाची तिकडच्या मराठी मंडळाच्या रविवारच्या शाळेत मराठी शिकली आहे. ती पुस्तकातली मराठी. पहिल्याच दिवशी ती माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, ‘‘मामा, आजी ‘मी येतो’, ‘मी करतो’ असे का म्हणते? ‘येते’, ‘करते’ म्हणायला हवे ना?’’ मी काही बोलायच्या आत तिने स्वतःच जीभ चावली. वाहाकात शिकलेला पहिला नियम तिला आठवला होता : बोलणाऱ्याला सुधारू नका, आधी लिहून घ्या. आणि तिने लिहून घेतले. पूर्व विदर्भातल्या बायकांचे ‘मी येतो’ हे चुकीचे मराठी नाही, ते इथले मराठी आहे. आमच्या झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. पाण्याला आम्ही पानीच म्हणतो आणि त्याने तहान भागायची काही राहत नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत ती वही भरली. इतरत्र भात म्हणतात तो इथे धान. धानाचे वाफे म्हणजे बांध्या, शेताचा बांध म्हणजे धुरा, रोपे म्हणजे परे आणि त्यांची लावणी ती रोवणी. नदीवर गेली तर डोंगा, जाळे, मरळ, वाम, झिंगे. धिवरांच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तिला कोणते जाळे कोणत्या पाण्यात आणि कोणत्या महिन्यात टाकायचे, हे सांगता सांगता अर्धी दुपार घालवली. मग त्या थांबून म्हणाल्या की, आता यातले निम्मे उपयोगाचे नाही. खाली पवनी तालुक्यात गोसेखुर्दचे धरण झाले. त्याचे भूमिपूजन १९८८चे. पुढे पाणी अडले आणि धरणाचा फुगवटा भंडाऱ्यापर्यंत मागे आला. वाहती नदी साचून राहू लागली. पाण्याची चाल बदलली की जाळ्याचा उपयोग बदलतो, आणि उपयोग गेला की जाळ्याचे नावही नातवंडांच्या तोंडून जाते. त्या बाईंचे शब्द कुणी लिहून ठेवले आहेत का, असे भाचीने मला विचारले. ज्या मुलीला आजीशी बोलताना अजून दर वाक्याला अडखळावे लागते, तिने हे विचारावे, आणि पूल ओलांडून रोज भंडाऱ्याच्या कॉलेजात जाणाऱ्या आमच्या पोरांना ते कधी सुचू नये, हे मला लागले.

आमच्याविषयी कुणी लिहिलेच नाही असे नव्हे. इंग्रजी अमदानीत भंडारा मध्य प्रांतात होता. आर. व्ही. रसेल या आयसीएस अधिकाऱ्याने रायबहादूर हिरालाल यांच्या मदतीने मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९१६ साली निघाला तेव्हा रसेल हयात नव्हते. १९१५च्या डिसेंबरअखेरीस भूमध्य समुद्रात त्यांची बोट पाणतीराने बुडाली होती. तळी बांधणारे कोहळी, मासे मारणारे ढिवर, सगळे त्या ग्रंथात आहेत. माहिती अफाट आहे. पण ती माणसांपेक्षा जातींची आहे. ही जात अशी, ती तशी, असा शेरेबुकाचा सूर तिच्यात आहे. ज्यांच्यावर ते लिहिले त्यांच्या घरात ते पुस्तक कधी पोचले नाही. साहेबाच्या तंबूतून पाहणे आणि चुलीपाशी बसून ऐकणे यांत हाच फरक.

दुसऱ्या तऱ्हेचे ऐकणेही आपल्या मुलखात झाले आहे. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या लहान कॉलेजांच्या संघाने १९६९ पासून आपली मुले एका सत्रासाठी पुण्यात पाठवायला सुरुवात केली. मराठी शिकायची, पुणेरी कुटुंबात राहायचे आणि प्रत्येकाने आपला एक विषय घेऊन गावभर हिंडायचे, असा तो कार्यक्रम अनेक वर्षे चालला. त्या संघातल्या कार्लटन कॉलेजात शिकवणाऱ्या एलिनॉर झेलियट यांनी डॉ. आंबेडकरांच्या चळवळीचा अभ्यास अशा वेळी केला, जेव्हा आपल्याच विद्यापीठांना त्याचे फारसे अगत्य नव्हते. त्याच कॉलेजच्या विद्यार्थिनी गेल ऑम्वेट महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेचा शोध घेत आल्या आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या सून होऊन राहिल्या. मॅक्सीन बर्नसन फलटणची बोली अभ्यासायला आल्या, त्या बोलीवर त्यांनी डॉक्टरेट केली आणि तिथल्याच मुलांसाठी शाळा काढली. परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके त्यांनी जाई निंबकरांबरोबर लिहिली, आणि जाई निंबकर म्हणजे इरावतीबाईंच्या कन्या!

उलट दिशेचे उदाहरण तर आमच्या विदर्भाचेच आहे. वर्ध्याकडचे डॉ. पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यामुळे देशोधडीला लागले आणि १९२४ साली मेक्सिकोत पोचले. त्यांनी स्पॅनिश आत्मसात केली, चापिंगोच्या कृषी महाविद्यालयात अध्यापन केले, मका आणि गहू यांवर संशोधन केले आणि तिथल्या गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने मेक्सिको सिटीतल्या सरकारी इमारतीच्या भिंतीवर त्यांना भाकरी वाटून देताना रंगवले आहे. १९६७ साली त्यांनी नागपुरात देह ठेवला. भाचीने ते चित्र पाहिले होते, पण चित्रातला माणूस आपल्या आजोळच्या वाटेवरचा आहे, हे तिला कारध्याला येऊन कळले.

आणि मारुती चितमपल्ली? सोलापूरचा हा वनाधिकारी आमच्या नवेगावबांधला राहिला, तलावाकाठच्या धिवर-गोंडांकडून पाखरांची आणि झाडांची नावे शिकला, आणि मराठीला पक्षिकोश देऊन २०२५ साली गेला. बदलीच्या गावाला त्याने पाठशाळा मानले.

दोन डोळे, एक गाव

अर्थात, परक्या घरी राहिले की सत्य आपोआप हाती लागते, असे समजू नये. मेक्सिकोतच याचा प्रसिद्ध दाखला आहे. तेपोस्त्लान नावाच्या गावात रॉबर्ट रेडफिल्ड १९२६-२७ मध्ये राहिले. त्यांना गाव एकदिलाचे, सणवारांत रमलेले दिसले. १९४३ साली ऑस्कर लुइस त्याच गावात गेले आणि त्यांना भांडणे, हेवेदावे, गरिबी आणि भीती दिसली. गाव एकच. एकाने विचारले होते की, ही माणसे कशात सुखी आहेत. दुसऱ्याने विचारले की, यांना दुःख कशाचे आहे. म्हणून वहीत दुसऱ्यांविषयी लिहिताना एक रकाना स्वतःविषयीही ठेवावा लागतो. भाचीच्या वहीत तो होता.

आता प्रश्न आपला. मेक्सिकोला जाणे सगळ्यांना परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली तीही नेमकी १९६९ सालीच. तिची सात दिवसांची गावशिबिरे हजारो मुलांनी केली. रस्ते झाडले, बंधारे घातले, पथनाट्ये केली. चांगले काम आहे. पण शिबिरातला मुलगा गावाला काही शिकवायला जातो, गावाकडून शिकायला जात नाही, आणि शाळेच्या खोलीत झोपून आठव्या दिवशी परततो. आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्पांना आणि समाजात जाऊन केलेल्या कामाला श्रेयांक ठेवले आहेत. म्हणजे दार उघडले आहे. त्यातून आत जायचे की दाराशी बसून एकमेकांच्या फाइली उतरवायच्या, एवढेच ठरवायचे उरले आहे.

मला वाटते, नागपूर-पुणे-मुंबईच्या मुलांनी एक सत्र कारध्यासारख्या गावात काढावे आणि कारध्याच्या मुलांनी एक सत्र चिपळूणला, उदगीरला किंवा धारावीत. यजमान घराला राहण्याजेवणाचे रीतसर पैसे मिळावेत, कारण गरिबाच्या पाहुणचारावर कुणाची पदवी होऊ नये. मुलगी येणार असेल तर तिच्या राहण्याची जबाबदारी कॉलेजने नावानिशी घ्यावी. आणि जे लिहिले जाईल त्याची एक प्रत, सोप्या मराठीत, ग्रामपंचायतीत ठेवावी. माझ्या आईने भाचीला विचारलेच होते, ‘‘लिहून काय करशील पोरी?’’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. शंभर वर्षांपूर्वी रसेलसाहेबांना कुणी तो विचारला असता तर बरे झाले असते.

खरी अडचण पैशाची नाहीच. ती आडनावाची आहे. मेक्सिकोतल्या त्या बाईंनी आमच्या पोरीला घरात घेताना तिची जात विचारली नाही, कारण ती त्यांना ठाऊकच नव्हती. आपल्याकडे पाहुणा उंबरठ्याशी यायच्या आत त्याचे आडनाव आत पोचते. शहरातली खोली भाड्याने देताना हेच होते आणि गावातल्या आळीतही हेच. माळ्यांच्या घरी बौद्ध मुलगा, बौद्धांच्या घरी ब्राह्मण मुलगी, धिवरांच्या घरी मुसलमान मुलगा चार महिने राहील, एका ताटात जेवेल, आजारी पडेल, बरा होईल, तेव्हाच या अभ्यासक्रमाला अर्थ. सोयीची घरे निवडून दिली तर ती नुसती पर्यटनाची सोय होईल. हे अवघड आहे, हे मी गावात राहून जाणतो. पण परक्या घरी चार महिने जेवलेल्या माणसाला त्या घराविषयी पुढे जन्मभर वाटेल तसे बोलता येत नाही, आणि याहून मोठा धडा मला कुठल्या क्रमिक पुस्तकात आढळलेला नाही.

जूनमध्ये कॉलेजे उघडतील. त्याच सुमारास पुलावरचे कर्मचारी वैनगंगेचे पाणी मोजायला लागतील, आणि चढले तर त्याचा आकडा राज्यभर पोचेल. त्याच काठावरचे धिवर, कोहळी, कुणबी, गोंड यांच्या तोंडचे किती शब्द या वर्षी ओसरले, याचा आकडा कुणाकडेच नसतो. तो मोजायला यंत्र लागत नाही. एक वही लागते, चार महिने लागतात आणि चुलीपाशी मांडी घालून बसण्याची तयारी लागते.